उजवा पाय पुढे

मेघालीला नाही म्हणता येत नसे. शेजारणीचं पोर सांभाळ म्हटलं की ती सांभाळायची, क्लबातल्या चटया झटक म्हटलं की झटकायची, आणि वर विचारायची, अजून काही आहे का? अशा माणसाचं कौतुक फार होतं आणि नुकसान त्याहून जास्त. म्हणूनच महिपत सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मेघाली, दोन महिने तू डावखुरी हो," तेव्हा तिने आधी मान डोलावली आणि डावखुरी व्हायचं म्हणजे काय, ते मागाहून विचारलं.

डोंबिवली पश्चिमेला एका मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आहे, तिथे सरांचा बॉक्सिंगचा क्लब. जिल्ह्याच्या स्पर्धेत एका वजनाला क्लबातून एकच मुलगी पाठवता येते, आणि एकावन्न किलोत दोघी होत्या, कोपरची मेघाली आणि आंबिवलीची योगिनी. दोघींची ट्रायल झाली. योगिनी जिंकली, पण अगदी काठावर. मेघालीचं मुलींच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी उतरायचं तर पोलिसातल्या आणि रेल्वेतल्या बायकांसमोर, ज्यांनी दहा-दहा वर्षं हेच केलेलं असतं. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर क्लबात हजर झाली आणि योगिनीला म्हणाली, "मस्त खेळलीस गं."

आता अडचण होती ती माजिवड्याच्या रुपालीची. योगिनी तिच्याकडून दोनदा हरलेली. सगळी दुनिया डावा पाय पुढे टाकून उभी राहते आणि उजवा हात मागे जपून ठेवते. रुपालीचा पवित्रा उलटा. उजवा पाय पुढे, आणि जोराचा ठोसा डाव्या हाताचा. समोरच्या मुलीचं लक्ष भलतीकडेच असतं आणि तो येऊन बसतो. क्लबात जन्माने डावखुरं कुणी नव्हतं, म्हणून कुणाला तरी बनवायचं होतं.

"तू समजूतदार आहेस," सर म्हणाले. समजूतदार म्हणाले की ओळखावं, आपल्या गळ्यात काहीतरी पडणार आहे.

हात बदलणं सोपं होतं. छळलं ते पायांनी. उजवा पाय पुढे ठेवून मागे सरकायचं म्हटलं की दोन्ही पाय एकमेकांत अडकायचे, आणि ज्या मुलीला गेली चार वर्षं कुणी खाली पाडलं नव्हतं ती आपली आपणच पडायची. मग तिने हट्टच धरला. जिना चढताना उजवा पाय आधी. दात डाव्या हाताने घासायचे. तिची आई सरस्वती कोपरच्या बाजारात मासळी विकायची. आईच्या शेजारी बसून मेघाली डाव्या हातात सुरी धरून खवले काढायला लागली, तेव्हा तीन गिऱ्हाइकांसमोर सरस्वती कडाडली, "कनाला गो? उजवा हात काय भाड्यानं दिलास?"

"क्लबाचं काम आहे, आये."

"क्लबाचा की त्या योगिनीचा?"

मेघालीने खाली बघून पुढचा मासा ओढला. आया नको तिथे बरोब्बर बोट ठेवतात.

सहाव्या आठवड्यात जमलं. एके दिवशी डावा हात कंबरेपासून असा सुटला की टांगलेली बॅग साखळीसकट हलली, आणि मेघाली तिच्याकडे बघतच राहिली. उजव्या हाताने असा ठोसा तिच्याकडून आयुष्यात बसला नव्हता. ती मनातून हरखली. कुणाला सांगावं असं मात्र वाटेना, कारण हा हात तिचा नव्हताच, तो रुपालीचा म्हणून शिकलेला होता.

गंमत अशी की बॅगेला बसणारा तो ठोसा योगिनीला काही बसेना. मेघालीने हात सोडला की योगिनी अलगद बाजूला. दहापैकी नऊ वेळा. सर खूश झाले. "बघा, याला म्हणतात तयारी!" असं म्हणून त्यांनी मोबाइलवर दोघींचा व्हिडिओ काढला आणि क्लबाच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार थंडावल्यावर मेघाली तो व्हिडिओ बघत बसली. तिसऱ्यांदा बघताना तिला स्वतःचा गाल दिसला. डावा हात सोडायच्या आधी, दर खेपेला, तिचा गाल टम्म फुगत होता. जड पाटी उचलण्याआधी माणूस तोंडात श्वास भरून घेतं, तसा. शिकताना तो हात जड वाटायचा तेव्हा लागलेली ही सवय. आणि योगिनीची नजर होती ती हातावर नाही, खांद्यावर नाही, थेट गालावर. म्हणजे ती डावखुऱ्या ठोशातून सुटायला शिकलीच नव्हती. ती मेघालीचा गाल वाचायला शिकली होती. रुपालीचा गाल कशाला फुगेल?

सरांना त्याच क्षणी फोन करायला हवा होता. मेघालीने नाही केला. दोन दिवस ती गप्प बसली, आणि त्या दोन दिवसांत तिने मनातल्या मनात योगिनीला ठाण्याच्या रिंगमध्ये हरलेलं पाहिलं, सरांना कपाळावर हात मारताना पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. चांगल्या माणसाच्या पोटातही असं काही असतं. ते त्याला स्वतःला दिसलं की मात्र तो फार घाबरतो.

तिसऱ्या दिवशी तिने दात घट्ट मिटून हात सोडला. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही ठोसे योगिनीच्या तोंडावर बसले आणि नाकातून रक्त आलं.

"काय चाललंय?" सर ओरडले. "स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीये आणि तू तिला फोडतेस? जळतेस काय तिच्यावर?"

मेघालीला गालाचं सांगायचं होतं. पण खाई त्याला खवखवे. जळतेस या शब्दाशी तिची जीभ अडली, कारण तो खोटा नव्हता.

"जा घरी. बोलवेन तेव्हा ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनी कोपरच्या बाजारात आली. सरस्वती बर्फ आणायला गेलेली, पाटीपाशी मेघाली एकटीच. योगिनीचं नाक सुजलं होतं.

"सरांनी बोलावलं नाही तरी ये ना तू," योगिनी म्हणाली. "तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

तेव्हा मेघालीने सगळं सांगून टाकलं. गालाचं सांगितलं, दोन दिवस गप्प राहिल्याचं सांगितलं, तू हरावीस असं वाटलं तेही सांगितलं. आता ही थोबाडीत मारणार म्हणून ती खाली कोलंबीकडे बघत राहिली.

"मला माहीत होतं," योगिनी म्हणाली.

"काय?"

"गाल. तिसऱ्या आठवड्यापासून माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

योगिनी नाक चाचपत राहिली. "तू सुधारली असतीस. तुझा डावा हात बघितलायस का तू? सर बोलले असते, ट्रायल परत घेऊ." मग एकदम खाली बसून तिने मेघालीचा ओला हात धरला. "सरांना नको ना सांगू. नावं शनिवारी भरायचीयेत. माझ्या घरी सगळ्यांना सांगून झालंय गं. प्लीज."

नाही म्हणायला एवढासा श्वास लागतो. मेघालीला तेवढा घ्यायला वेळ लागला. तिला योगिनीची दया आली, अगदी खरी, आणि त्याच वेळी तो साखळीसकट हललेला ठोसा आठवला.

"नाही," ती म्हणाली. "मला खेळायचंय."

योगिनीने हात सोडला आणि उठून निघून गेली.

संध्याकाळी मेघाली बोलावल्याशिवाय क्लबात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, माझी परत ट्रायल घ्या. आता मी डावखुरी खेळते."

सर आधी हसले, मग चिडले. "अगं, तो डाव मी तुला योगिनीसाठी शिकवला."

"हो सर. पण शिकले तर मीच ना?"

दीड महिना सरांनी या पोरीला ठोसे खायच्या बॅगेसारखं वापरलं होतं, आणि ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी योगिनीकडे पाहिलं. नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता, ती एकदा जिंकलेली होती. पण सगळा क्लब बघत होता, आणि गालाचं लपवलेलं तिला स्वतःलाही नाकावरच्या सुजेसारखं ठसठसत असावं.

"घ्या सर," ती म्हणाली.

शुक्रवारी तीन फेऱ्या झाल्या. पहिलीत योगिनी सवयीने गालाकडे बघत राहिली आणि मार खात राहिली. दुसरीत तिने चेहऱ्याकडे बघणं सोडलं, छातीकडे बघायला लागली, आणि मग मात्र ती अशी खेळली की मेघालीचं डोकं दोनदा मागे गेलं. तिसरीत कोण कुणाला मारतंय तेच समजेना. शेवटच्या मिनिटाला मेघालीचा डावा हात सुटला, बसला, पुन्हा बसला. घंटा वाजली. सरांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि मेघालीचा हात वर केला.

आनंद झाला. उड्या माराव्यात असा झाला. पण समोर योगिनी हेडगार्ड न काढता तशीच उभी होती, आतून हुंदके येत होते, आणि मेघालीला तो आनंद कुठे ठेवावा ते कळेना.

नंतर दोन दिवस योगिनी आलीच नाही. सर काळजीत पडले, कारण रुपालीशी खेळायचं तर मेघालीला समोर डावखुरं कुणीतरी हवं होतं, आणि क्लबात डावखुरी अशी ती एकटीच. असल्या वेळी देवसुद्धा हसत असेल.

तिसऱ्या दिवशी योगिनी आली. कुणाशी न बोलता तिने हाताला पट्ट्या गुंडाळल्या, ग्लोव्हज चढवले आणि मेघालीसमोर येऊन उभी राहिली. मग खाली बघत तिने उजवा पाय पुढे टाकला. पहिल्याच पावलाला तिचा तोल गेला.

"हसू नकोस."

"नाही हसत."

"मी तुझ्यासारखी चांगली नाहीये. मला अजून राग आहे तुझा. मी जोरात मारणार."

"मार."

योगिनीने डावा हात फेकला. वेडावाकडा, नवशिक्याचा. पण डावखुऱ्याचा ठोसा कुठून येतो हे मेघालीलाही ठाऊक नव्हतं, आजवर तो फक्त तिने दिला होता, खाल्ला नव्हता. तो सरळ तिच्या नाकावर बसला आणि डोळ्यांत पाणी आलं.

योगिनी दचकून थांबली. "लागलं?"

"लागलं," मेघाली म्हणाली. तिने डोळे दंडाला पुसले आणि हात पुन्हा वर धरले. "परत मार."