ताटातली राजनंदिनी

मला दोन बायका आहेत, असा संशय परदेशातल्या एका व्हिसा ऑफिसरला आला. एक अपेक्षा, दुसरी राजनंदिनी. अठ्ठावीस दिवसांत खुलासा करा, नाहीतर आहेत त्या कागदांवर निकाल देऊ, असा ईमेल.

लग्नाला चौदा महिने झाले होते, त्यातले बायकोसोबत काढले अकरा दिवस. अपेक्षा मेलबर्नला नर्स, तिथली कायमची रहिवासी. तिनंच मला स्पॉन्सर केलेलं. खराडीतला जमीनवाला पोरगा बायकोच्या व्हिसावर निघाला म्हणून भावकी आधीच दात काढत होती. "काय साईनाथ, पाठवणी कधी तुझी?" असं तोंडावर विचारायचे. विचारू देत. जमीन विकून गाडी घेतली आणि त्या गाडीतून दिवसभर जायचं कुठं हे ज्यांना कळत नाही, त्यांचं काय मनावर घ्यायचं?

व्हिसाचं काम एजंट शेफाली मॅडमकडे होतं. त्यांचं ऑफिस चौथ्या मजल्यावर, ती इमारत आम्ही विकलेल्या कांद्याच्या शेतावर उभी. त्यामुळे माझे वडील, गेनबाअण्णा, त्या ऑफिसात बांधावर बसल्यासारखे बसतात.

"ही राजनंदिनी कोण?" मॅडमनी विचारलं.

"माजी सून," अण्णा म्हणाले.

"मग अपेक्षा?"

"ती बी माजी सूनच."

"सुना किती आहेत तुम्हाला?"

"एकच हाय की! काय इचारताय, बाई?"

अण्णा 'माझी'ला 'माजी' म्हणतात, हे आधी मॅडमना समजावलं. लग्नात आमच्याकडे नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नवरीला कुणी विचारत नाही. अण्णांनी नाव ठरवलं, मी लिहिलं. पासपोर्टवर, लग्नाच्या दाखल्यावर ती अपेक्षाच राहिली. पण लग्नाचा पुरावा म्हणून मी त्या ताटाचा फोटो जोडला होता. वर अण्णांचं पत्र: 'माझी सून राजनंदिनी गुणाची आहे, माझा मुलगा तिला जीव लावतो.' भाषांतर करणाऱ्यानं इमानदारीत शब्दन् शब्द इंग्रजीत नेला.

अपेक्षाला फोन केला. ती शनिवार पेठेतली. तिच्याकडची माणसं आवाज चढवत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते.

"छान," ती म्हणाली. "मला सवत आहे आणि मला ऑफिसर कळवतोय."

"अगं, चूक झाली."

"कोणती? फोटो जोडलास ती, की नाव लिहिलंस ती?"

ओठांवर आलं होतं, फोटो. गिळलं.

"नाव लिहिलं ती."

"चौदा महिने लागले. असू दे. खुलाशात तसंच लिही."

लिहिलं. नाव मी स्वतःच्या हातानं, तिला न विचारता लिहिलं. माझं भागलं, पण पत्र अण्णांचं असल्यामुळे त्यांचंही प्रतिज्ञापत्र लागणार होतं. गंमत बघा. नाव बदलताना मूठभर तांदूळ पुरले. पुसायला पाचशेचा स्टँप पेपर, नोटरी आणि दोन साक्षीदार!

अण्णांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला.

"'राजनंदिनी नावाची कोणतीही वेगळी स्त्री अस्तित्वात नाही.' म्हंजे? चालतीबोलती सून कागदावर मारू व्हय मी?"

"अण्णा, ती जिवंतच आहे. फक्त नाव..."

"न्हाई करत सही. जा."

आठवडाभर कागदाला शिवले नाहीत. मुदतीचे दोन दिवस उरले तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावून फोन सरळ त्यांच्या हातात दिला. अपेक्षा हॉस्पिटलच्या कपड्यांत सँडविच खात होती.

"अण्णा, हे नाव आणलंत कुठून?"

अण्णा खाली बघून म्हणाले, "मला पोरगी झाली आसती तर ठेवणार हुतो. झालाय ह्यो."

ह्यो म्हणजे मी. हे मलाही पहिल्यांदाच कळत होतं.

अपेक्षानं सँडविच खाली ठेवलं. "चांगलं नाव आहे, अण्णा. पण माझ्या बाबांना पोरगी झाली होती. त्यांनी ठेवलं तिचं नाव."

अण्णांनी फोन जरा जवळ धरला.

"त्यांनी बी इचार करूनच ठेवलं आसंल," ते हळूच म्हणाले.

"तीन आठवडे भांडत होते आईशी."

"मग ऱ्हाऊ दे त्यांचं." मला म्हणाले, "पेन आण. आन् तू काय दात काढतोस? लिवलं कुणी व्हतं ताटात?"

नोटरीसमोर त्यांनी असली दाबून सही केली की ती खालच्या कागदावरही उठली.

व्हिसा पाच महिन्यांनी आला. निघायच्या सकाळी भावकी गाडीभोवती गोळा झालेली, टोमणे तयार. अण्णांनी कुणाला तोंड उघडूच दिलं नाही. फोन स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांसमोर ओरडले, "अपेक्षा! पोरगा नांदायला धाडतोय. काय नाव ठिवणार हायेस त्याचं?"

पलीकडून शांत आवाज आला, "त्याला विचारून ठरवते, अण्णा."

भावकीतलं कुणीच हसलं नाही. अण्णा मात्र हसता हसता गाडीच्या बॉनेटवर टेकले. मग आत जाऊन ते लग्नातलं ताट घेऊन आले आणि माझ्या बॅगेत वरच कोंबलं.

"ऱ्हाऊ दे. तांदूळ तिकडं मिळत्यालच."