सात मिनिटांचं बटण

फिंटन गेरटीच्या घरात आंघोळ सात मिनिटांची. हा नियम त्याने कुठे लिहून लावला नव्हता. पण शॉवर विजेवर चालणारा, त्याचं मोठं बटण बाथरूमच्या बाहेर, जिना चढून आलं की समोरच्या भिंतीवर होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. आठवं मिनिट लागलं की हा बाहेरून खट्कन बटण बंद करायचा आणि आत पाण्याची धार जागच्या जागी थांबायची. बायकोवर केलं, दोन मुलींवर केलं. मुली ऑस्ट्रेलियाला गेल्या, बायको डिंफ्नाला जाऊन तीन वर्षं झाली, पण जित्याची खोड ती, ती कुठे जाते?

वरची मागची खोली त्याने मारिसेलला भाड्याने दिली होती. मारिसेल फिलिपिन्सची, चाळिशीची, आयर्लंडमधल्या या बॅलिना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नर्स. रात्रपाळी करून सकाळी नऊला यायची, आंघोळ करून झोपायची. जन्मभर टपाल वाटलेल्या माणसाला ती 'फिंटन सर' म्हणायची. त्याला ते फार आवडायचं, पण कबूल कोण करतो? त्याचा गुडघा दुखतो म्हणून दर बुधवारी कचऱ्याचे डबे रस्त्यावर तीच नेऊन ठेवायची. रविवारी दोघं चहा पीत टीव्हीवर मेयोचा, म्हणजे त्यांच्या परगण्याच्या फुटबॉल टीमचा, सामना बघायचे, आणि मेयो हरली की तीही त्याच्याइतकीच गप्प व्हायची. डिंफ्ना गेल्यावर त्या घरात पुन्हा कुणीतरी 'जेवलात का' असं विचारत होतं.

पहिल्याच महिन्यात त्याने तिच्यावरही बटण बंद केलं. केसांना फेस, अंगाभोवती टॉवेल अशी ती दार किलकिलं करून म्हणाली, "सॉरी सर. फार वेळ लावला का मी?"

मुली अशा वेळी घर डोक्यावर घ्यायच्या. डिंफ्नाने तर एकदा साबण फेकून मारला होता. सॉरी म्हणणारी ही पहिलीच. त्या दिवसापासून ती पाच मिनिटांत आटपायला लागली. हा बाबा तरी आठवड्यातून दोनदा बटण दाबायचाच. हात आपोआप जायचा.

मग ऑक्टोबरात वरच्या मजल्यावर वास यायला लागला. सडक्या माशाचा, रोज सकाळी, जिन्याच्या टोकापाशी.

आता मारिसेल पंधरा दिवसांतून एकदा सुके मासे तळायची, हे खरं. तिच्या आईने गच्चीवर वाळवलेले. गावची कुणी इकडे आली की पुडकं घेऊन यायची. लसूण घातलेला भात, अंडं आणि तो मासा, एवढंच जेवण, पण ते जेवताना ती दहा वर्षांनी लहान दिसायची. फिंटनने तिला तोंडावर काही सांगितलं नाही. बॅलिनात तोंडावर कुणी सांगत नाही.

"हवा छान आहे आज," तो म्हणाला.

"हो सर."

"खिडक्या उघड्या ठेवाव्यात अशी. म्हणजे वास निघून जातो. वास वाईट नाही हं, मला काही त्रास नाही. शेजारच्या बाई विचारत होत्या."

शेजारच्या बाईंनी काहीही विचारलं नव्हतं. मारिसेलने मान हलवली. "आता नाही तळणार, सर."

तिने मासे तळणं सोडलं. वास मात्र वाढतच गेला. बाईसाहेब चोरून तळतात, असं फिंटनने मनाशी ठरवून टाकलं. जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती कामावर गेल्यावर त्याने स्वयंपाकघरातलं तिचं कपाट उघडलं. मासे घट्ट झाकणाच्या डब्यात होते, डबा तीन पिशव्यांत गुंडाळलेला. नाक लावलं तरी कसला वास येत नव्हता. तिथेच त्याला कळायला हवं होतं. पण माणूस एकदा ठरवून बसला की त्याचं नाकसुद्धा त्याच्याच बाजूने साक्ष देतं. त्याने डब्यासकट सगळं कचऱ्यात टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

त्या गुरुवारी मारिसेल म्हणाली, "सर, पुढच्या आठवड्यात शनिवारी मी जाते. मैत्रिणीच्या घरी खोली रिकामी झालीय."

"तुझी मर्जी," तो म्हणाला. माशांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. रात्रभर त्याला तेच टोचत राहिलं.

आणि पुढच्या मंगळवारी शॉवर बंद पडला. बटणावरचा लाल दिवाही लागेना. गल्लीतलाच वायरमन डेक्लन आला, त्याने खालून मेन बंद केला आणि बटणाचं झाकण काढलं. आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं, एका तारेचं टोक काळं पडलं होतं. वासाचा भपकाच आला.

"घे, वास घे," डेक्लन म्हणाला.

"मासा," फिंटन पुटपुटला.

"कसला मासा? बटण आतून तापलं की असाच वास मारतं. किती दिवस येतोय?"

"ऑक्टोबरपासून."

"तीन महिने? मग तुला वाटलं काय, आपल्या मॉय नदीतला सॅमन मासा जिना चढून वर आला?" डेक्लनने डोक्याला हात लावला. "घर उभं आहे हे नशीब समज. शॉवर चालू असताना बटण बंद केलं ना, की आत ठिणगी उडते. दर वेळी थोडं थोडं जळतं. आधी शॉवर बंद करायचा, मग बटण. कोण करतं हे उद्योग?"

"भाडेकरू," फिंटन म्हणाला.

शब्द तोंडातून निघून गेला आणि मग त्याला दिसलं, की मारिसेल डेक्लनसाठी चहाचा कप घेऊन जिन्यात उभी आहे.

"सॉरी सर," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

डेक्लनने एकदा बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या भिंतीकडे. "ती आत आंघोळ करतेय आणि बटण इथे बाहेर. हात केवढे लांब आहेत रे तिचे?" असं म्हणून तो खाली मान घालून स्क्रू काढायला लागला.

फिंटनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या मागोमाग तो स्वयंपाकघरात गेला.

"तू नाही, मी करायचो. घरात सगळ्यांना तेच केलं मी. आणि तुझे मासे..."

"माहीत आहे सर. बुधवारी कचऱ्याचा डबा मीच नेला ना रस्त्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"घर तुमचं आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनेही एखादा साबण फेकून मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"जाऊ नकोस. रोज तळ मासे. मीसुद्धा खाईन."

ती थोडंसं हसली. "मैत्रिणीला शब्द दिलाय, सर."

शनिवारी सकाळी तिच्या दोन बॅगा दाराशी भरून ठेवलेल्या होत्या. ती टॉवेल घेऊन निघाली तेव्हा फिंटन म्हणाला, "बटण नवीन आहे. निवांत कर आंघोळ. तासभर कर. मी खालीच बसतो."

"थँक्यू सर."

तो स्वयंपाकघरात टेबलावर दोन्ही हात ठेवून बसला. वर पाणी सुरू झालं. घड्याळाकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण चाळीस वर्षं मिनिटं मोजलेल्या कानांना घड्याळ कशाला लागतं? आज आठवं मिनिट लागू दे, असं तो मनात म्हणत होता. दहावं लागू दे. विसावं लागू दे. डिंफ्ना, मुली, सगळ्यांचं राहिलेलं पाणी आज हिच्या अंगावर पडू दे.

वर पाणी थांबलं. मग दार उघडल्याचा आवाज आला, आणि बटण खट्कन बंद झालं. आधी शॉवर, मग बटण, डेक्लनने सांगितलं होतं तसं.

पाच मिनिटं व्हायला अजून थोडा वेळ होता.