कुडपणच्या फळ्यावरची पाकिटं

मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर भजनातली समजू नका, मला सूर नाही. मी बिनतारी पेटी. मित्रांनो, तुमच्या मोबाइलवर आज हलती चित्रं सरसर येतात ना, ती कुडपणच्या डोंगरावर पहिल्यांदा आणायचं काम माझ्याकडे होतं. आता मी महाडला, मुदस्सरच्या केबलच्या दुकानात फळीवर पडून आहे. अंगावर धूळ आहे, झाकणाला तडा आहे आणि शेजारी ठेवलेल्या जुन्या रिमोटांवर माझा काडीचा विश्वास नाही.

विश्वास न ठेवणं हा माझा धंदाच होता. दूरदेशीच्या कुठल्याशा कारखान्यात मला घडवलं, तेव्हाच ही खोड पोटात घातली गेली. संगणक काहीही पाठवायचं असलं की त्याचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर खूण करतो. दारात आलेल्या तुकड्याची मी झडती घ्यायची. खूण जुळली तर आत, नाही जुळली तर चालता हो. मग तो पत्राचा तुकडा असो की डॉक्टरच्या आवाजाचा.

दोन हजार सहा साली, दिवाळीनंतर, नीलामॅडमनी मला मुंबईहून आणलं. त्या संगणकाच्या इंजिनिअर. कुडपणच्या आजारी माणसाला महाडच्या डॉक्टरांनी पडद्यावर तपासावं, त्याला डोंगर उतरायला लागू नये, असं काम त्यांनी हाती घेतलं होतं. वीर स्टेशनवर मुदस्सर रिक्षा घेऊन आला. आखातात आठ वर्षं टेलिफोनच्या तारा ओढून तो गावी परतला होता. महाडला त्याच्या गच्चीवर माझी जुळी बहीण बसणार होती आणि कुडपणच्या शाळेच्या कौलांवर मी.

रिक्षात मी दोघांच्या मधोमध होते. मॅडम म्हणत होत्या, "तुमच्यासारखा अनुभवी माणूस मिळाला, फार बरं झालं." म्हणताना पर्स मात्र घट्ट धरलेली. मुदस्सर म्हणत होता, "आपलंच काम आहे, मॅडम." आणि महाड येईपर्यंत त्याने दोनदा विचारलं, "अहवालावर नाव कोणाकोणाचं येणार?" मी तेव्हाच ओळखलं, ही जोडी काही सुखाची नाही.

कुडपणला मी चढले आणि काम सुरू झालं. सकाळी मुदस्सर महाडहून शंभर तुकडे पाठवायचा, शंभरच्या शंभर पोचायचे. दुपार कलली की त्यांतले चाळीस-चाळीस गायब! उरलेल्यांतल्याही कित्येकांच्या खुणा पुसलेल्या, ते मी फेकून द्यायचे. मॅडमना वाटलं, मुदस्सर दुपारी हीच लाइन आपल्या केबलच्या गिऱ्हाइकांना वाटून देतोय. त्यांनी वहीत त्याचं नाव लिहून पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. तिकडे मुदस्सरला वाटलं, बाई मुद्दाम आकडे कमी सांगतायत, खापर माझ्या डोक्यावर फोडायला. सकाळी माझ्यातून बोलताना मात्र दोघं एकमेकांशी साखर पेरून बोलायचे.

आता मॅडमना एक हौस होती. प्रत्येक गोष्टीला मराठी शब्द हवा. त्या तुकड्यांना इंग्रजीत पॅकेट म्हणतात, म्हणून मॅडमनी त्यांना 'पाकीट' म्हटलं. आणि मुलांनाही कळावं म्हणून शाळेच्या फळ्यावर रोज खडूने लिहायला लागल्या: 'महाडहून निघालेली पाकिटे १००. वाटेत गळालेली ४१.'

कुडपणात पाकीट म्हणजे एकच, टपालाचं. घरटी एक माणूस मुंबईला, गावात फोन नाही, सगळी खबर पाकिटातून. आणि ती आणणारा भिकू. पोलादपूरहून टपालाची पिशवी खांद्यावर टाकून बावीस वर्षं तो डोंगर चढत होता. येसाजीआबा पंधरा दिवस त्याची वाट बघत पारावर बसत होते. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. मुंबईचा मुलगा भरत ऑपरेशनची तारीख पाकिटातून कळवणार होता आणि पाकीट काही येत नव्हतं. नातीने फळा वाचून दाखवला, तेव्हा आबांच्या कपाळाची शीर ताडकन उठली.

"शंभरातली येकेचाळीस! आनि त्यो मला रोज सांगतो, आबा, तुमचं काय नाय!"

मग काय, गावाला तेवढंच पाहिजे होतं. कोणाची राखी आली नव्हती, कोणाची पत्रिका. भिकूने म्हणे पत्रं दरीत फेकली. भिकू म्हणे फोडून वाचतो. तो समोर आला की सगळे गप्प आणि पाठ वळली की कुजबुज. मी कौलांवरून सारं ऐकत होते. ती पाकिटं गळणारी माझी होती, मित्रांनो, पण मला तोंड कुठे होतं! आयुष्यात तेवढी एकदाच मला स्वतःची लाज वाटली.

एका दुपारी भिकू पिशवी घेऊन आला, तोच त्याला शाळेत बोलावणं आलं. खोली माणसांनी भरलेली. पोस्टात द्यायचा अर्ज लिहून तयार होता: या माणसाकडून टपाल काढून घ्यावं. आबांनी फळ्याकडे बोट केलं. "ह्ये काय हाय रे, भिक्या?"

भिकूने वाचलं. त्याने पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. मॅडम धावत पुढे आल्या. "अहो, ती टपालाची नाहीत! चूक माझी आहे, शब्द माझा आहे. ही संगणकाची पाकिटं. गळालं तर ही वरची पेटी महाडला परत विचारते, की बाबा, अमुक नंबर मिळाला नाही, पुन्हा पाठव. सकाळी नीट येतात, दुपारनंतरच गळतात."

कोणाचा विश्वास बसेना. मागून एक जण म्हणाला, "शिकल्याली मानसं, येकमेकांना सांभाळून घेनारच."

भिकू मात्र खिडकीतून खाली बघत होता. "दुपारनंतर, मॅडम? वारा सुटल्यावर?" त्याने विचारलं. "त्या खालच्या धारेवरचं कळकाचं बेट बगा. सकाळी सरळ उबं असतंय. वारा आला का पार आडवं व्हतंय, महाडच्या बाजूला. मी रोज त्याच्याखालनं येतो."

कळक म्हणजे बांबू. मॅडमनी दुर्बीण लावली आणि कपाळाला हात लावला. आम्हा दोघींना एकमेकी सरळ दिसाव्या लागतात, आणि ते बेट डोलत डोलत माझ्या आणि माझ्या बहिणीच्या मधे येत होतं. तासाभरात पोरांनी मला खांबासकट कौलांच्या दुसऱ्या टोकाला नेलं. महाडहून मुदस्सर माझ्यातून ओरडला, "मॅडम, शंभर!" मग म्हणाला, "खरं सांगा, माझ्यावर संशय होता ना?"

"होता," मॅडम म्हणाल्या.

"माझाही तुमच्यावर होता." दोघं ओशाळं हसले.

मॅडमनी त्याला भरतला फोन लावायला सांगितलं. मुदस्सरने आपला मोबाइल संगणकाच्या माइकला चिकटवला आणि भरतचा आवाज माझ्यातून खोलीत उतरला. "आबा? पाकीट मी टाकलंच नाय अजून. इस्पितळातनं तारीखच भेटली नाय. भेटली का लगेच टाकतो."

आबांनी हात जोडले. "भिकू, चुकी झाली. उचल पिशवी."

भिकूने पिशवी उचलली नाही. तो म्हणाला, "मशीनला पाकीट नाय भेटलं तर ती इचारती म्हनं. मला बावीस वर्सांत येकदा तरी इचारायचंत, आबा. मी हितंच व्हतो."

दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या पोस्टात पिशवी जमा करून तो मुलीकडे सव गावी निघून गेला. नवा माणूस नेमेपर्यंत तीन आठवडे गेले. नीलामॅडम अहवाल लिहायला मुंबईला गेल्या होत्या. अहवालावर नावं दोघांची आली, पण तोवर शाळेतल्या संगणकाच्या खोलीला कुलूप होतं आणि मी कौलांवर मुकी. त्याच दिवसांत भरतचं पाकीट आलं आणि पोलादपूरला पडून राहिलं. नातीने ते फोडलं, तेव्हा तारीख टळून सहा दिवस झाले होते. पुढची तारीख चार महिन्यांनी मिळाली, आणि काचबिंदू काही तोवर थांबला नाही.

नंतर डोंगरावर मोबाइलचा मनोरा आला, मला उतरवलं, आणि मी या फळीवर आले. माझी धूळ तुम्ही नाही पुसलीत तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्या दारी रोज काही घेऊन येणारं एखादं माणूस असेल. त्याच्याबद्दल मनात शंका आली तर भिंतीआड कुजबुजू नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि तोंडावर विचारा. भिकूला कोणी विचारलं असतं, तर येसाजीआबांचा उजवा डोळा आज शाबूत असता.