कोचबाईंचा गुरुवार

कोचबाईंना नसत्या चौकशा करायची खोड होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. समोरच्या खिडकीला नवा पडदा लागला की तो नवऱ्याने निवडला असेल की बायकोने, इथपासून त्यांचं सुरू व्हायचं. "तू कोच कशाला झालीस, गुप्तहेर व्हायचं होतंस," नवरा म्हणायचा. "पोरांना शिकवायचं म्हणजे दुसरं काय असतं?" त्या विचारायच्या. खरंच होतं ते. पोराचा फटका जाळीत का जातो, ते मनगटाकडे बघून कळत नाही, बऱ्याचदा टाचेकडे बघावं लागतं.

नवऱ्याच्या बदलीमुळे या शहरात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. एका शाळेचा हॉल संध्याकाळपुरता मिळाला होता आणि बॅडमिंटन शिकायला दहा-बारा पोरं यायची. पोरं गुणी होती, पण रोज एकमेकांशीच खेळून इतकी सरावली होती, की कोण कुठे मारणार हे मारायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक. दुसरी पोरं हवीत तर दुसरे कोच ओळखीचे हवेत, आणि कोचबाईंना इथे कुत्रंही ओळखत नव्हतं. दोन पालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, सुट्टी लागेपर्यंत बाहेरचे सामने मिळाले नाहीत तर आम्ही मुलं दुसरीकडे नेतो. दोन गेले की मागून चार जातात. मेंढरांचं आणि पालकांचं एकच असतं, त्यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही.

त्या पोरांत त्यांची स्वतःची लेकही होती. बिट्टी, वय बारा. तिचा एकेक फटका पुस्तकात छापावा असा, आणि चेहरा मात्र दात काढायला खुर्चीवर बसल्यासारखा. गेल्याच आठवड्यात जेवताना ती म्हणाली होती, "सुट्टी लागली की मी खेळ बंद करणार." "का गं?" "असंच." गावभर चौकशा करणाऱ्या कोचबाईंनी पुढे काही विचारलं नाही. पानात भात वाढून घेतला आणि विषय बदलला.

ओळखी वाढवायच्या म्हणून त्यांनी कार्डं छापली, गुळगुळीत, कोपऱ्यात रॅकेट असलेली. ती घेऊन शहरभर हिंडल्या. टेनिस शिकवणाऱ्या एका बाईंनी कार्ड वाचलं, "छान आहे हो" म्हणाल्या आणि घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं, तेही यांच्या देखत. स्क्वॉश शिकवणारा एक उंच माणूस होता, त्याला सगळे लंबू सर म्हणत. त्याने निदान खिशात तरी ठेवलं. पण "तुमच्या ओळखीने माझ्या पोरांना कुणाशी खेळायला मिळेल का" हे एवढं वाक्य काही कोचबाईंच्या तोंडून निघेना. "सहज आले होते, इकडून जात होते," म्हणून परत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, मग ताक मिळणार कुठून?

शहरातला सगळ्यात जुना बॅडमिंटन हॉल मोठ्या सरांचा. तो गुरुवारी बंद असतो, हे कोचबाईंना माहीत होतं. म्हणूनच एका गुरुवारी दुपारी भाजी घेऊन जाताना त्या थबकल्या. दार लोटलेलं, पण बाहेर पाच-सहा स्कूटर, त्यातली एक लंबू सरांची, आणि आतून शटलचा आवाज. सुट्टीच्या दिवशी स्क्वॉशचा कोच इथे करतो काय? कोचबाईंना राहवेना. आता तुमच्या-माझ्यासारखा माणूस गुपचूप घरी गेला असता. त्या भाजीच्या पिशवीसकट आत गेल्या.

आत खुर्च्यांची रांग होती आणि तिच्यावर कोच बसले होते. कोर्टवर टेनिसच्या बाई एका मुलाला नुसतं चालायला लावत होत्या, आणि तो मुलगा टेनिसचा नव्हताच, हातात बॅडमिंटनची रॅकेट होती. लंबू सरांनी खिशातून कोचबाईंचं कार्ड काढून मोठ्या सरांना दाखवलं, तशी मोठ्या सरांनी मान वळवून पाहिलं. पांढरे केस, गळ्यात शिट्टी, आणि वाजवायची गरज पडत नसावी असा आवाज.

"या मॅडम. पुढच्या गुरुवारी याल तेव्हा एक मूल घेऊन या."

"कुठलं?"

"ते तुम्ही ठरवा."

झालं. कोचबाई आठवडाभर हवेत. एक मूल आणायचं म्हणजे परीक्षाच की! त्यांनी आपली डावरी नेली. डाव्या हाताने खेळणारी ही मुलगी म्हणजे बॅचचं खणखणीत नाणं. डावरीने त्या दिवशी असे काही स्मॅश हाणले, की खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. चहा आला. सगळे गोड बोलले. मग दुसऱ्या कुणाचा तरी रडवेला मुलगा कोर्टवर गेला, आणि डावरीला कुणी एक शब्द विचारला नाही की कोचबाईंना कुणी पुढचं बोलावणं केलं नाही.

डावरीला बसमध्ये बसवून दिलं आणि त्या तशाच उलट पावली हॉलपाशी आल्या. लंबू सर हेल्मेट घालत होते. आता भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"सर, माझं चुकलं काय ते सांगा. मला झोप लागायची नाही."

लंबू सरांनी हेल्मेट काढलं. "मॅडम, दवाखान्यात कुणी पैलवान घेऊन येतं का?"

मग त्यांनी सांगितलं. गुरुवारी प्रत्येकाने आपलं अडलेलं पोर आणायचं. ज्याच्यापुढे आपण हात टेकले, असं. ज्याला वाटेल तो ते पोर काही दिवस आपल्याकडे घेतो. "माझ्या एका पोरावर मी वर्षभर ओरडलो. टेनिसच्या बाईंनी त्याला एका दुपारीत हसवलं. आता त्या बाईंनी मध्यरात्री हाक मारली तरी मला जावं लागणार. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. इथे प्रत्येकजण कधी हरी असतो, कधी गाढव. तुम्ही मात्र ना हरी झालात ना गाढव, नुसता पैलवान दाखवून गेलात."

कोचबाईंना हसूही आलं आणि कानही गरम झाले. घरी जाताना त्या एकेक पोर डोळ्यांपुढे आणत होत्या. एकाची सर्व्हिस जाळीत पडायची, पण सुधारत होती. एक आळशी होता, पण तो ऐकायचा. हात टेकावेत असं त्यात कुणीच नव्हतं. रात्रीच्या भांड्यांशी उभ्या राहून त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. नवरा ताट पुसत म्हणाला, "आणि आपली?"

"घरचं वेशीवर टांगू की काय?"

"मी कुठे काय म्हटलं," तो म्हणाला. असं म्हणणारा माणूस सगळं म्हणून मोकळा झालेला असतो.

पुढच्या गुरुवारी कोचबाई बिट्टीला घेऊन गेल्या. बिट्टीने का म्हणून विचारलं नाही. ती आजकाल काहीच विचारत नसे.

"कुणाच्या बॅचची?" मोठ्या सरांनी विचारलं.

"माझ्याच. पोटचीच आहे."

मोठे सर पुढे झुकले. "अडलंय कुठे?"

"बॅकहँडला उजवा पाय उशिरा पडतो," कोचबाईंनी सुरुवात केली, "आणि खांदा जरा..." मोठे सर ऐकत राहिले. कोचबाईंचे शब्द आपोआप संपत गेले. बिट्टी लांब कोर्टच्या कडेला बुटाची नाडी बांधत होती.

"ती प्रत्येक फटका मारला की माझ्याकडे बघते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी सांगते. चांगला मारला तरी सांगते. मला थांबता येत नाही. आता ती सोडणार म्हणते. मला भीती वाटते, सर. खेळ सुटला तर आमच्या दोघींत बोलायला काय राहील?"

कुणी "असं काही नसतं हो" वगैरे म्हणालं नाही, हे बरं झालं. लंबू सर उठले आणि बिट्टीकडे गेले. मोठे सर म्हणाले, "आता तुम्ही पलीकडच्या कोर्टवर जा. तो गोल चेहऱ्याचा माझा नातू. माझं ऐकून ऐकून बहिरा झालाय. बघा काही जमतं का. आणि इकडे पाठ करून उभ्या राहा."

पाठ करून! कोचबाईंना त्यापेक्षा शंभर सूर्यनमस्कार परवडले असते. नातू खाली मान घालून उभा होता. त्याचे पाय, खांदे, पकड, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि सूचना जिभेवर आल्या. त्या त्यांनी गिळल्या.

"तुला कुठला फटका मारायला आवडतो रे?"

पोराने वर पाहिलं. हा प्रश्न त्याला नवा असावा. "जाळीपाशी हळूच टाकायला. आजोबा म्हणतात तो पळपुट्यांचा फटका आहे."

"दाखव."

त्याने दाखवला. इतका नाजूक की शटल जाळीवरून घसरून पलीकडे पडलं. "हे कुठे शिकलास?" त्यांनी विचारलं, आणि पोरगं बोलायला लागलं ते थांबेचना. ही युक्ती कशी सुचली, मित्राला कसं चकवलं, सगळं. कोचबाई मनापासून ऐकत होत्या. मध्येच त्यांच्या मनात आलं, बिट्टीला कुठला फटका आवडतो? शोधलं, पण उत्तर सापडेना.

मागून आवाज आला. "आत होता सर. रेघेला लागून होता, मी बघितला ना."

बिट्टी वाद घालत होती. लंबू सरांनी काहीतरी म्हटलं, त्यावर ती अजून जोरात काहीतरी म्हणाली. मग रॅकेट हवेत नुसतीच फिरल्याचा सुसाट आवाज, म्हणजे फटका चुकलेला, आणि त्यापाठोपाठ बिट्टीचं हसू. कोर्टवर तिला हसताना कोचबाईंनी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. फटका चुकला होता आणि ती आईकडे बघत नव्हती, हे त्यांना मान न वळवताही कळत होतं. आनंद झाला आणि थोडं लागलंही. त्यांनी डोळे पुसले. नातू म्हणाला, "मॅडम, घाम गेला का डोळ्यांत?" "हो," त्या म्हणाल्या, "टाक, अजून एक टाक."

निघताना मोठे सर दारापर्यंत आले. "रविवारी तुमची सगळी पोरं घेऊन या. माझ्या पोरांशी खेळू देत," म्हणाले. ज्यासाठी शहरभर वणवण केली, ते असं चपला घालता घालता मिळालं. कोचबाईंनी मान हलवली, आभारही मानले, पण लक्ष पुढे चालणाऱ्या बिट्टीकडे होतं.

अर्ध्या रस्त्यात बिट्टी म्हणाली, "लंबू सरांनी गुरुवारी परत बोलावलंय."

"जाशील?"

"जाईन." थोडं चालून झाल्यावर, "तू नाही आलीस तरी चालेल."

"मला यावंच लागेल. मोठ्या सरांचा नातू माझ्याकडे दिलाय."

बिट्टीने विचार केला. रॅकेटची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मग ये," ती म्हणाली. "पण आजच्यासारखी उभी राहा. पाठ करून."