तार मेलेली, घर जागं

लाइनमनकाकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीतली लाइट गेली की लोक आधी त्यांच्याच दाराशी यायचे. कधी येणार म्हणून विचारायचे, जणू लाइट काकांच्या खिशातच होती. काकाही हसून सांगायचे, की आता मीही तुमच्यासारखाच वाट बघणारा.

गेल्या दोन वर्षांत मात्र हे हसू आटलं होतं. काकूंची फुप्फुसं थकली होती आणि त्या दिवसरात्र ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या. पलंगाशेजारी लहानशा कपाटाएवढं ते यंत्र घुरघुरत असायचं आणि त्याची बारीक नळी काकूंच्या नाकाशी. लाइट गेली की यंत्र कोकलायला लागायचं. मग काका हातातलं टाकून कोपऱ्यातलं सिलिंडर ओढत आणायचे, चावी फिरवायचे, नळी बदलायचे. एकतीस वर्षं खांबावर जे हात कधी चुकले नाहीत, ते त्या अर्ध्या मिनिटात चावी उलटी फिरवायचे. काकू तोवर डोळे मिटून पडून राहायच्या आणि श्वास जमला की म्हणायच्या, "तुमचं खातं म्हणजे माझी सवत. तुम्ही निवृत्त झालात, पण तिचा जाच काही सुटला नाही."

काकांची पुतणी घरांवर सौर पॅनेल बसवायचं काम करायची. तिने दोनदा सुचवून पाहिलं, की छपरावर पॅनेल लावू, आत बॅटऱ्या ठेवू, लाइट गेलेली यंत्राला कळणारसुद्धा नाही. दोन्ही वेळा काकांनी "आमच्या घरात नको" एवढंच सांगितलं. तिला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट, पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्यांदा तिने का नको ते विचारलं, तेव्हा काकांनी सांगितलं.

त्यांचा एक जोडीदार होता. दोघे वीस वर्षं एकाच गाडीवर. एका दुपारी तार तुटली म्हणून उपकेंद्रातून लाइन बंद करून घेतली आणि जोडीदार खांबावर चढला. पण खाली कोणा दुकानदाराने आपला जनरेटर घाईघाईने घराच्या वायरिंगला जोडला होता. त्याची वीज उलटी चालून खांबापर्यंत आली. बंद केलेली तार जिवंत झाली. जोडीदार वाचला, पण उजवा हात खांद्यापासून गेला. त्या वेळी खाली शिडी धरून उभे होते ते काकाच.

"तुझ्या त्या बॅटरीने उद्या कोणाला खांबावर धरलं तर?" काका म्हणाले. "तुझ्या काकूचा श्वास चालावा म्हणून दुसऱ्याचा थांबवायचा?"

पुतणीने वाद घातला नाही. बाहेरची लाइट गेली की हा इन्व्हर्टर आधी स्वतःला तारेपासून तोडतो आणि मगच घराला वीज देतो, एवढं तिने सांगितलं. मग म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका काका. बसवून झालं की तुम्हीच तपासा. समाधान झालं नाही तर सगळं उतरवून नेईन."

काम चार दिवस चाललं. काका स्टूल टाकून बसले आणि सासूने सुनेच्या कामावर ठेवावी तशी नजर ठेवून राहिले. सहा पॅनेल छपरावर चढले. पाण्याच्या टाकीची सावली दुपारनंतर एका पॅनेलवर पडेल हे काकांनीच दाखवलं, तेव्हा अख्खी ओळ हातभर सरकवावी लागली. अर्थिंगचा खड्डा त्यांना उथळ वाटला, तो त्यांनी स्वतः आणखी खोल खणला. बोळात, काकूंच्या पलंगावरून दिसेल अशा भिंतीवर दोन बॅटऱ्या आणि आकडे दाखवणारा इन्व्हर्टर बसला. यंत्र, फ्रिज, एक पंखा आणि दोन दिवे यांची वायर वेगळी काढून त्याला जोडली. चौथ्या दिवशी पुतणी हात पुसत म्हणाली, की आता तुमची पाळी.

काकांनी माळ्यावरून आपला जुना टेस्ट लॅम्प काढला. आधी जिवंत प्लगवर लावून तो पेटतो याची खात्री केली. मग मीटरजवळचा फ्यूज ओढला, म्हणजे घरापुरती लाइट गेली. भिंतीवर फक्त टक्‌ असा आवाज झाला. काकांनी मीटरकडून घरात येणाऱ्या तारेला लॅम्प लावला. पेटला नाही. तो परत पंख्याच्या बोर्डावर लावला, पेटला. पुन्हा तारेला, अंधार. असं त्यांनी अकरा वेळा केलं. पुतणी मोजत होती. शेवटी काका थांबले, कारण त्यांच्या ध्यानात आलं की मघापासून खोलीतली घुरघुर एकसारखी ऐकू येते आहे. ते दारात गेले. काकू भाजी निवडत होत्या. लाइट कधी घालवणार आहात, असं त्यांनीच विचारलं.

"गेलीय कधीची," काका म्हणाले, आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

खरी परीक्षा दोन महिन्यांनी झाली. एका सकाळी वादळाने गावाबाहेरचे खांब आडवे केले आणि सगळी वस्ती अंधारली. दोन दिवस आभाळ झाकलेलंच होतं. पॅनेल देत होते, पण लेकीच्या हाती आईने चोरून ठेवावं तसं, थोडं थोडं. काकांनी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, एकच दिवा ठेवला. आयुष्यभर लोकांची लाइट कापली, आता आपल्याच घरात भारनियमन, असं काकू म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी बॅटरी निम्मी होती, तिसऱ्या सकाळी बारा टक्के. काकांनी सिलिंडर पलंगाला टेकवून ठेवलं.

नऊच्या सुमाराला विजेच्या गाडीतून एक मिशीवाला लाइनमन उतरला आणि घरासमोरच्या खांबाशी आला. त्याने छपराकडे पाहिलं, दारातून येणाऱ्या दिव्याच्या उजेडाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला. ती धास्ती काकांना ओळखीची होती. ते टेस्ट लॅम्प घेऊन बाहेर आले. मी तुमच्याच खात्यातला, म्हणाले, आणि आत नेऊन त्याला मीटरजवळची तार दाखवली. लाइनमनने स्वतः तपासली, मग वीज आलीच तर जमिनीत उतरावी म्हणून लांब काठीने खांबाच्या तारेला अर्थिंगची वायर अडकवली आणि चढला. काका शिडी धरून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात ऊन पडलं.

सावकाश नाही, एकदम. कोणी चादर ओढून काढावी तसं. काकूंनी आतून हाक मारून सांगितलं, की भिंतीवरचे आकडे पळायला लागलेत. काकांना शिडी सोडता येईना, म्हणून त्याच वाचून दाखवू लागल्या: चारशे वॅट, नऊशे, चौदाशे, एकवीसशे. यंत्राला लागतात जेमतेम साडेतीनशे, बाकी सगळं बॅटरीत भरत होतं. वर एक माणूस मेलेल्या तारेला उघडा पाना लावून निर्धास्त काम करत होता. आत काकूंचा श्वास चालू होता. काकांना आठवलं, की एका दिव्यासाठी आपण किती डोंगर, किती खांब ओलांडून तार ओढत नेली; किती माणसं रात्रपाळीला जागली. आणि इथे मधे कोणीच नाही. वर सूर्य, खाली तिचा श्वास. त्यांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. शिडीवरचा हात मात्र घट्ट होता.

लाइट दुपारी आली. गल्लीत गलका झाला म्हणून कळलं, घरात कोणाला पत्ता नव्हता.

रविवारी काकूंनी ते पॅनेल बघायचा हट्ट धरला. दोन वर्षांत त्या जिना चढल्या नव्हत्या. पुतणीने लांब नळी आणली; तिने आणि काकांनी मिळून काकूंना खुर्चीसकट वर नेलं. गच्चीवर ऊन चांगलं तापलं होतं. निळेकाळे सहा पॅनेल तिरके पडून होते, आणि खालून आलेली नळी पायऱ्यांवरून वळत वळत काकूंपर्यंत पोचली होती. काकूंनी कान देऊन ऐकलं.

"चालू आहे का हे? काही हलत नाही, काही वाजत नाही."

"चालू आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, देवघरात बोलतात तसा.

काकूंनी हात लांबवून एका पॅनेलच्या कडेला बोटं लावली. चटका बसला तरी काढून घेतली नाहीत. नाकाशी नळीतून येणारी हवा आत घेतली, सोडली, पुन्हा घेतली. मग इकडे तिकडे बघून म्हणाल्या, की आणखी एक खुर्ची आणा, तुम्ही काय उभेच राहणार आहात.