दमदार जोड पुढं

माझा भाऊ विरेश याच्या हाताला ग्रीस लागलेलं मी सहा वर्षांत चारदा पाहिलं. त्यातल्या एकदा तो घसरून पडला होता. तरी दसऱ्याला आमच्या टायरच्या दुकानावर जी नवी पाटी चढायची होती, तिच्यावर नाव त्याचंच. सासर सोडून नळदुर्गला परत आल्यापासून चाकांचं बॅलन्सिंग मी करते, अलाइनमेंट मी करते, ट्रकवाल्यांच्या शिव्याही मीच खाते. मला त्या पाटीवर नाव पाहिजे होतं, विरेशच्या खाली बारीक अक्षरात का होईना.

"लेकीचं नाव पाटीवर? लोक तोंडात शेण घालतील," आप्पा म्हणाले. विषय संपला.

खंडेनवमीला सकाळीच पेंटर वीरप्पानं शिडी लावली. आणि त्याच वेळी वाशीचा रणधीर हे हौशी गिऱ्हाईक आलं. त्यानं हैदराबादहून पन्नास वर्षं जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी आणली होती. लाल, बसकी, दोनच सीटांची. गाडी देखणी होती, एवढं कबूल करते. मागच्या टेम्पोत चार नवी चाकं होती, टायरसकट. दोन सात इंच रुंद, दोन नऊ इंच. फोटो बघून मागवलेली. मापं वेगळी का, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोलापुरात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथं त्याला मिरवायचं होतं.

"रुंद जोड मागं जाईल," मी म्हणाले. "हिच्या इंजिनाची ओढ मागच्या चाकांना आहे. पुढं रुंद घातलं तर वळताना मडगार्डला घासणार."

रणधीरनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मामा, तुमी सांगा," तो आप्पांना म्हणाला.

आप्पांनी जन्मभर ट्रकचे टायर बसवले. ट्रकवाल्यांचा नियम त्यांना पाठ. "दमदार जोड पुढं. पुढचं फुटलं तर माणूस जातंय, मागचं फुटलं तर निस्ता वेळ जातोय."

नियम खोटा नाही. ट्रकला तो लाखमोलाचा आहे.

"आप्पा, ह्यो ट्रक न्हाय."

"तू मला शिकवू नको. जा, चहा टाक. आन् पूजेचं ताट कर."

चहा टाकला. रणधीरच्या पांढऱ्या पँटवर सांडला तो मुद्दाम सांडला. माफी मागितली नाही.

विरेशनं रुंद जोड पुढं चढवला आणि काम झाल्यावर दंडावरचा घाम सगळ्यांना दिसेल असा पुसला. मग पाने, जॅक, हवेचं मीटर धुऊन पोत्यावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. आप्पांनी चार लिंबं माझ्या हातात दिली. चाक बसवायची माझी लायकी नाही, पण चाकाखाली लिंबू ठेवायला आणि गाडी ओवाळायला मीच.

पुढच्या चाकाशी वाकले तर टायर आणि मडगार्डच्या मधे माझं बोटसुद्धा जाईना. म्हटलं, गप्प बसावं. घासू दे, फाटू दे, आप्पांचं नाक कापलं जाऊ दे. मनापासून तसंच वाटलं. पण विरेश रणधीरच्या शेजारी जाऊन बसला होता. "सोलापूरपातूर चक्कर मारून येतो अक्का," म्हणाला. हायवे, दोन्ही बाजूंनी ट्रक, आणि वळणावर कापलेला टायर. भाऊ नालायक असला तरी माझाच.

"लिंबावर घालायच्या आधी स्टेअरिंग पुरं डावीकडं वळवा," मी म्हणाले.

"ही कुठली नवी पद्धत?" रणधीर हसला आणि वळवलं.

कर्रर्र असा आवाज आला. लाल रंगाचा पापुद्रा सुटून माझ्या पायाशी पडला.

शिडीवरचा वीरप्पा खाली बघायला लागला. रणधीरचा चेहरा पांढरा पडला. आप्पा मडगार्डकडं बघत राहिले, मग माझ्याकडं वळले. "लिंबू वाकडं ठिवलंस तू."

मी पोत्यावरचा जॅक उचलला.

"पूजलेलं हत्यार हाय ते! ठिव खाली!"

"मग काय हातानं काढू चाक? का पोरगं मारायचंय तुमाला?"

आप्पा ओरडत राहिले, मी काम करत राहिले. दोघांना गाडीतून उतरवलं, चारही चाकं काढली, रुंद जोड मागं, अरुंद पुढं. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठं घासलं नाही. मागच्या बाजूला वजन पडल्यावर जागा उरते का ते बघायला विरेशला डिकीवर बसवून हिसके द्यायला लावले. तेवढंच काम त्याच्या मापाचं होतं.

रणधीर पुढं आला आणि विरेशचा हात धरून हलवला. "भारी काम केलं, विरेशशेठ. मडगार्डला मी रंग मारून घेतो."

विरेशनं हात हलवू दिला. मी आप्पांकडं बघितलं. एक शब्द, फक्त एक शब्द पाहिजे होता.

"वीरप्पा," आप्पा म्हणाले, "विरेशचं नाव जरा मोठं काढ." मग मला म्हणाले, "पूजा बाटवलीस. हत्यारं परत धू आन् मांड."

हत्यारं धुतली, मांडली, फुलं परत ठेवली. माझ्या पैशानं घेतलेलं हवेचं मीटर तेवढं पोत्यावरून उचललं आणि हायवे ओलांडून समोर गेले. समोरच्या टायरवाल्या रेवणप्पाचं नाव निघालं तरी आप्पा थुंकतात. तो वर्षभर मला बोलवत होता.

"काय अट हाय का, ताई?" त्यानं विचारलं.

"दोन हायत. लिंबू म्या ठिवणार न्हाय. आन् पाटीवर माझं नाव पायजे."

रेवणप्पानं मान खाजवली. त्याला दोन पोरगे आहेत. मग तो दारात गेला आणि रस्त्यापलीकडं आप्पांना ऐकू जाईल असा ओरडला, "वीरप्पा, तिकडचं उरकलं की शिडी इकडं आण!"