ओढ्याकाठचा पालथा वीरगळ

मित्रांनो, जुन्नर तालुक्यातल्या एका लहानशा गावी, ओढ्याकाठी पालथा पडून राहिलेला मी एक जुना वीरगळ. गाई सोडवताना पडलेल्या कुणा वीरासाठी पाथरवटाने मला घडवलं. खाली गाई, मध्ये लढाई, वर चंद्र-सूर्य. वीराचं नाव मात्र कोरलं नाही. गाव ते कधी विसरणार नाही, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

गाव विसरलं. एका पुरात मी तोंडावर पडलो आणि माझी सपाट पाठ बायकांच्या धुण्याला सोयीची झाली. ओल्या मातीत तोंड खुपसून मी स्वप्नं बघत राहिलो. गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या. त्या माझ्यावर कोरलेल्या गाईंच्या, की पलीकडे चरणाऱ्या, तेही मला कळेनासं झालं. धोंडाबाई चाळीस वर्षं माझ्यावर धुणं धूत आली. सासरची गाऱ्हाणी तिने मलाच सांगितली. मला ती फार आवडायची.

मग पर्यटनाचं वारं आलं. शिवनेरी, लेण्याद्रीला गाड्यांची रीघ आणि आमच्याकडे यायचा तो वाट चुकलेलाच पाहुणा! तालुक्याच्या वारसा-सहलीच्या यादीत गावाचं नाव यावं म्हणून सरपंच दादाभाऊंनी ओढ्याचा काठ साफ करायला घेतला आणि जेसीबीने मला उलटं केलं.

"आरं, ह्यो तर द्येव हाय!" कुणीतरी ओरडलं. मला चावडीपुढे उभं केलं. इतक्या उजेडाने मी दिपून गेलो.

यादी करणाऱ्या बाई येणार म्हणून दादाभाऊंनी मला ऑइलपेंट दिला, देवळातल्या मूर्तीला देतात तसा, अगदी प्रेमाने. गाई पांढऱ्या, फेटा केशरी आणि वीराला झुपकेदार काळ्या मिशा! मला हसूही आलं आणि गुदमरल्यासारखंही झालं. बाईंचा चेहरा मात्र उतरला.

"रंगाखाली सगळं कोरीव काम बुजलंय. असं यादीत कसं घेऊ?" त्या म्हणाल्या.

"त्यात काय मॅडम! तारेच्या ब्रशनं आत्ता घासून काढतो." दादाभाऊ बाह्या सरसावून पुढे झाले. ब्रश वीराच्या नाकाला टेकला. इतकी वर्षं मातीने जपलेलं तोंड आता जाणार, म्हणून मी फार घाबरलो. पण ओरडायला मला गळा कुठला?

"आरं थांब की, दादाभाऊ!" धोंडाबाई गर्दीतून पुढे आली. हाताला धरून तिने त्यांना माझ्या मागे नेलं. पाठीला मोठा गुळगुळीत खळगा पडला होता. "ह्यो बघ. चाळीस वर्सं मी नुसती कापडं आपटली हितं. तारेचा ब्रश व्हता का माझ्याकडं? पाठ मी झिजवली त्याची, आता त्वांड तरी ऱ्हाऊ दे."

दादाभाऊंनी ब्रश खाली ठेवला. बाईंनी जाणकार माणूस धाडायचं कबूल केलं. तो अजून यायचाय, गावाचं नाव यादीत नाही आणि माझ्या वीराच्या मिशाही तशाच आहेत.

मित्रांनो, जुनं काही हाती लागलं, तर आधी हात आवरा आणि जाणत्याला विचारा. आणि मला बघायला आलात, तर मागच्या बाजूलाही या. पुढे कोरलेल्या वीराचं नाव मला सांगता येत नाही. पाठीवरच्या खळग्याचं नाव मात्र धोंडाबाई आहे.